डांबर लागलेली खापरं

ऑफिसात तिला सगळे खापरताई म्हणायचे. तिला त्याचा राग यायचा, पण राग येण्यासारख्या गोष्टींची तिच्याकडे एवढी रांग होती, की नावाचा नंबर फार मागे लागायचा. पुढे उभी होती ती भांडारघराच्या छताची गळती, पेट्यांच्या झाकणावर डकवलेल्या चिठ्ठ्या (झाकणं अदलाबदल होतात, पेटी होत नाही, हे तिने किती जणांना सांगितलं होतं!), ओल्या खापरावर शाई टेकवणारे लोक, आणि ‘एवढं काय त्यात’ हे तीन शब्द. हे तीन शब्द तिने आयुष्यात इतक्यांदा ऐकले होते, की ऐकल्याबरोबर तिच्या कपाळावर आठी चढायची.

ती या कामाला लागली तेव्हा पंचवीस वर्षांची होती. गावाबाहेर खाजणापलीकडे एक मोठं टेकाड होतं. तिथे पूर्वी बंदर होतं असं म्हणायचे, पण नदीने तोंड बदललं, गाळ साचला, आणि बंदराचं नावनिशाण राहिलं नाही. सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे एक मोठे साहेब तिथे खोदायला आले आणि त्यांनी गावात माणसं हवीत म्हणून सांगितलं. खणायला पुष्कळ जण मिळाले. खापरं धुवायला कोणी तयार होईना, कारण त्यात ना शोध लागायची मजा, ना सावली.

हिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. लहानपणापासून त्यांच्याबरोबर शिडीखाली उभं राहून हिचा हात ब्रशवर बसला होता. मोठ्या साहेबांनी तिला अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा दिला आणि म्हणाले, "यावर लिही. खड्डा चार, थर सहा, नंबर दोनशे तेरा."

तिने लिहिलं. साहेबांनी भिंग काढलं, वाचलं, आणि भिंग खिशात ठेवून म्हणाले, "उद्यापासून ये."

काम साधं होतं, म्हणजे सांगायला साधं. एका टबात खापर भिजवायचं, दुसऱ्यात मऊ ब्रशने घासायचं, चाळणीत वाळवायचं, आणि पुरतं वाळलं की आतल्या बाजूला बारीक अक्षरात ते कुठल्या खड्ड्यातून, कुठल्या थरातून आलं ते लिहायचं. मग वहीत नोंद. दिवसाला साठ-सत्तर तुकडे व्हायचे. खापराला एकदा त्याच्या थरापासून तोडलं आणि नंबर टाकला नाही, की ते नुसतं फुटकं मडकं. हे साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि तिच्या डोक्यात ते कायमचं बसलं. साहेबांचं सगळं तिला पटायचं असं नाही, पण हे पटलं.

तिसऱ्या महिन्यात तिला काळी खापरं लागली. बाहेरून पिवळट, आतून काळी कुळकुळीत. जाड भांड्याचे तुकडे होते. घासलं तरी काळं निघेना. साहेब फेरीवर आले, टबात बघितलं आणि म्हणाले, "हे असं घाण काय ठेवलंय? तारेचा ब्रश घ्या."

"साहेब, ही घाण नाही. आतून मुद्दाम लावलेलं आहे. उन्हात ठेवलं की वास येतो."

"कसला वास?"

"डांबराचा."

तिचा नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. तो कामावरून घरी आला की आधी डांबर, मग ग्रीस आणि मग तो स्वतः आत शिरायचा. डांबराचा वास तिला कोणी शिकवायला नको होता.

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो. विद्वान होता, पाच भाषा यायच्या, कामगारांना दुपारी एक तास सावलीत बसू द्यायचा. पण कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे प्रश्नाच्या आधी तयार असायचं. "ती राळ असते," ते म्हणाले. "रोमन लोक दारूच्या सुरयांना आतून राळ लावायचे, झिरपू नये म्हणून. या रोमन सुरया आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या. कळलं? घासा."

त्या दिवशी तिने घासलं. सहा तुकडे घासले आणि सातव्याला तिचा हात थांबला. जे मुद्दाम लावलेलं आहे ते आपण कशाला काढायचं? ते काढलं तर उद्या कोणाला कळणार, राळ होती का डांबर? तिने काळी खापरं टबात घालणंच बंद केलं. नुसता कोरडा ब्रश फिरवायचा, नंबर टाकायचा आणि वेगळ्या गोणीत ठेवायची. यावरून तिने दोनदा बोलणी खाल्ली आणि दोन्ही वेळा मान हलवून तेच केलं.

हळूहळू तिला आणखी एक गोष्ट दिसायला लागली. साहेब ज्यांना सरसकट रोमन म्हणत होते ती खापरं दोन तऱ्हेची होती. काहींच्या मातीत मिरपूड सांडल्यासारखे काळे कण होते. ती अगदी खालच्या थरांतली होती आणि मोजून अकरा. बाकीची, म्हणजे शेकड्याने, तिच्या डांबरवाली. त्यांच्या मातीत एक काळा कण सापडेल तर शपथ. आणि ती सगळी वरच्या थरांतून येत होती. त्यांच्याबरोबर निळ्या-हिरव्या काचेचा जाड लेप चढवलेले तुकडे यायचे, क्वचित एखादा चिनी मातीचा टणक तुकडाही. खालच्या आणि वरच्या थरांमध्ये हातभर नुसता गाळ होता. हातभर गाळ काही दोन दिवसांत साचत नाही.

तिने साहेबांना सांगितलं. पहिल्यांदा साहेब घाईत होते. दुसऱ्यांदा म्हणाले, "उंदरांनी बिळं केली की खालचं वर येतं." तिसऱ्यांदा, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, तिने दोन्ही तऱ्हेचे तुकडे शेजारी शेजारी मांडून ठेवले होते. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, प्रेमानेच बघितलं, आणि म्हणाले, "तुझं अक्षर फार सुंदर आहे."

त्या संध्याकाळी ती घरी येऊन भांडी अशी आपटत होती, की नवऱ्याने विचारलं, "आता काय झालं?"

"शेकड्याने उंदीर झालेत. सगळे खालून वर खापरं नेतायत. आणि एकही उंदीर वरचं खाली नेत नाही."

नवऱ्याला काही कळलं नाही. पण ज्या अर्थी ती उंदरांवर चिडली होती त्या अर्थी आपल्यावर चिडलेली नाही, एवढं कळलं आणि तो निवांत झाला.

साहेबांचं पुस्तक आलं. जाडजूड, चकचकीत. त्यात लिहिलं होतं, की या बंदरात रोमन जहाजं यायची, शेकडो सुरया उतरायच्या, आणि रोमन व्यापार थांबला तसं बंदर मेलं, पुढे तिथे गवत उगवलं. वरच्या थरांना साहेबांनी दीड पान दिलं होतं. साहेबांची बदली झाली, मग बढती झाली, मग ते निवृत्त झाले.

गाव मात्र रोमन झालं. गावाच्या तोंडाशी सिमेंटचे खांब असलेली कमान उभी राहिली. शाळेच्या खेळाडूंच्या बनियनवर शिरस्त्राण आलं. तिच्या दिराने बस स्टँडसमोर नऊ खोल्यांचं लॉज काढलं आणि नाव ठेवलं ‘रोमन पॅलेस’. उद्घाटनाला त्याने तिला बोलावलं आणि चार लोकांत म्हणाला, "आमच्या वहिनींनी धुतलेत हो ते रोमन!" सगळे हसले. ती मूग गिळून बसली, कारण जाऊबाई समोर होत्या आणि घरातलं वातावरण आधीच तापलेलं होतं.

वर्षं गेली. खापरं खात्याच्या भांडारघरात आली आणि तिला तिथेच कायम केलं. तीन वेळा भांडारघराची जागा बदलली. तीनही वेळा हमालांनी गोण्या कशाही टाकल्या आणि तीनही वेळा तिने त्या थरांप्रमाणे पुन्हा लावल्या. गोण्या कुजल्या, तिने पेट्या मागितल्या. पेट्या यायला चार वर्षं लागली आणि आल्या त्या फळांच्या. दर नव्या साहेबांना ती एकदा डांबराचं सांगायची. कोणी म्हणायचे, "बघू." कोणी म्हणायचे, "अर्ज करा." एकाने अर्ज घेतला आणि तिच्याच मार्फत तिच्याचकडे अभिप्रायासाठी पाठवला. तिने अभिप्राय लिहिला: ‘अर्जदाराचे म्हणणे बरोबर आहे.’ पुढे त्याचं भिजत घोंगडं पडलं ते पडलंच.

तिला सत्तावन्नावं लागलं त्या वर्षी आणखी एक साहेब आले. या साहेबांना बैठकांची आवड होती आणि बैठकीसाठी हॉल नव्हता. भांडारघर हवेशीर होतं.

"एवढ्या पेट्यांत आहे काय?" त्यांनी विचारलं.

"खापरं."

"ते दिसतंय. पण काठ नाही, बूड नाही, नक्षी नाही. नुसते पोटाचे तुकडे. यावरून काय कळणार? चांगले शे-दोनशे ठेवा आणि बाकीचे मागच्या खड्ड्यात भराव म्हणून टाका. गाडी बोलावतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण एकतीस वर्षं सरकारी खात्यात काढल्यावर माणूस आरडाओरडा करत नाही. ती शांतपणे म्हणाली, "टाकते साहेब. लेखी द्या."

"देतो की."

"यादी जोडून द्या. प्रत्येक तुकड्याला नोंदवहीत नंबर आहे. नंबर वगळायचा तर समोर कारण लिहून सही लागते. नियम तुमच्याच कपाटाला चिकटवलाय."

"किती आहेत?"

"नऊ हजार चारशे सोळा."

साहेबांनी एका कारकुनाला बसवलं. तो कारकून बिचारा रोज भिंग घेऊन बसायचा, तिचं बारीक अक्षर वाचायचा, वहीत शोधायचा आणि लिहायचा: ‘पोटाचा तुकडा, अनावश्यक.’ तिने त्याला कसलीही अडचण केली नाही, उलट उजेडाची जागा दिली. तीन आठवड्यांत तो तीनशे बारावर पोचला आणि मग त्याने डोळ्यांच्या कारणावरून रजा टाकली. त्याच्या जागी कोणी जायला तयार होईना. साहेबांनी हात टेकले आणि बैठका व्हरांड्यात सुरू झाल्या. तेव्हापासून साहेब तिच्याशी कामापुरतं बोलायचे, आणि काम त्यांचं नसायचंच.

अशा वेळी ती अभ्यासकबाई आली. लांबच्या विद्यापीठातली, पस्तिशीतली, धुळीने सारखी शिंकणारी. जुन्या बंदरांतली परदेशी भांडी हा तिचा विषय होता. तिच्याकडे दोन दिवस होते आणि तिला फक्त त्या प्रसिद्ध रोमन सुरया बघायच्या होत्या.

"अकरा आहेत," खापरताई म्हणाली आणि एक छोटी पेटी समोर ठेवली.

"पुस्तकात तर सहाशे सत्तर लिहिलेत."

"पुस्तकात लिहिलेत."

अभ्यासकबाईने मान वर केली. खापरताईने न विचारता एक मोठी पेटी ओढत आणली आणि तिच्यासमोर दणकन ठेवली. ओळीने काळी खापरं. अभ्यासकबाईने एक उचललं, उलटं केलं, नखाने काळ्यावर हलकेच टोकरलं. मग दुसरं, मग तिसरं. ती शिंकायची थांबली होती.

"ताई, हे कोणी धुतलं नाही?"

"नाही." खापरताईला वाटलं, आली ही पण ब्रश मागायला. "नाही धुतलं आणि धुणारही नाही. बोलणी खाल्लीयेत त्यापायी. वर पाठवायचं तर पाठवा लिहून."

"अहो, मी कुठे धुवा म्हणतेय!" अभ्यासकबाईचा आवाज चढला. "किती बंदरांत फिरलेय मी. सगळीकडे हेच. घासून घासून स्वच्छ केलेली खापरं आणि वर रोमन म्हणून चिठ्ठी. काळं शिल्लकच नाही, तर तपासायचं काय? तुमच्याकडे अशी किती आहेत?"

"सहाशे एकोणसाठ. त्यातली सहा घासलेली. ती माझी चूक."

मग अभ्यासकबाईने स्टूल ओढलं आणि सांगायला लागली. ही भांडी आखाताच्या वरच्या टोकाकडची. पुरुषभर नाही, पण कमरेच्या वर येतील अशी लांबुडकी, तळाशी निमुळती, जहाजाच्या पोटात रचून ठेवायला सोयीची. दारू, खजुराचा पाक, तेल असलं काहीतरी त्यांतून यायचं. झिरपू नये म्हणून आतून डांबर लावायचे, कारण तिकडे डांबर जमिनीतूनच वर येतं. आणि ज्या थरात ती निळ्या-हिरव्या लेपाच्या आणि चिनी तुकड्यांबरोबर सापडतात, तो काळ आठव्या-नवव्या शतकाचा. रोमन जहाजं थांबल्यानंतर सहा-सातशे वर्षांचा.

"म्हणजे बघा ताई, बंदर मेलंच नव्हतं. गाळ साचला, मधे पडून राहिलं असेल, पण पुन्हा उभं राहिलं. एका बाजूने आखाताचा माल, दुसऱ्या बाजूने चीनचा, आणि दोन्ही इथे उतरतायत. हे कोणाच्या लक्षातच आलं नाही!"

"माझ्या आलं होतं," खापरताई म्हणाली. "एकतीस वर्षं सांगतेय."

"कोणाला?"

"जो खुर्चीत असेल त्याला."

अभ्यासकबाई दोन दिवसांसाठी आली होती, ती अकरा दिवस राहिली. दिराच्याच लॉजमध्ये. दीर रोज सकाळी तिला चहा देताना रोमन राजांबद्दल विचारायचा आणि ती बिचारी विषय बदलायची. खापरताईने तिला थर लावून दिले, वह्या काढून दिल्या. तेवीस खापरांवरचं डांबर खरवडून तपासायला पाठवलं. खरवडताना खापरताई डोक्यावर उभी होती आणि ‘बास, एवढं पुरे’ म्हणत होती.

सात महिन्यांनी निकाल आला. डांबरच होतं. राळेचा अंशही नव्हता. आणि ते आखाताच्या वरच्या टोकाजवळच्या डोंगरांतलं होतं, तेवीसच्या तेवीस तुकड्यांवरचं.

अभ्यासकबाई ते सांगायला परत आली, तेव्हा नगरपालिकेच्या सभागृहात दुपारी कार्यक्रम ठेवला. नव्या साहेबांना सभागृहातली बैठक मिळाल्यामुळे ते खूष होते. अभ्यासकबाईने चित्रं दाखवून सगळं नीट सांगितलं. तिला वाटलं होतं, लोक आनंदाने टाळ्या वाजवतील. बंदराचं वय सहा-सातशे वर्षांनी वाढलं होतं, गावाशी अर्ध्या जगाचा व्यापार होता असं निघालं होतं. पण लोकांना एवढंच ऐकू आलं, की रोमन गेले.

"म्हणजे आमचे पूर्वज रोमनांशी व्यापार करत नव्हते असं म्हणायचंय का तुम्हाला?" मागून कोणीतरी ओरडलं.

"करत होते. अकरा तुकडे आहेत."

"अकराच?"

एकच गलका झाला. दीर उठला. अभ्यासकबाई बाहेरची म्हणून तिला सोडून तो थेट भावजयीकडे वळला. "वहिनी, हे तुम्ही केलंत! घरच्या माणसाच्या पोटावर पाय आणलात. लॉजची पाटी आता उतरवू का मी?"

शेजारी जाऊबाई डोळे पुसत होत्या. नवरा छताकडे बघत होता. तीस वर्षांपूर्वी मातीतून काढलेल्या भांड्यांचं खापर भर सभेत आपल्या डोक्यावर फुटतंय हे पाहून खापरताईचा इतके दिवस धरलेला बांध सुटला.

"भाऊजी, लॉजला खोल्या किती?"

"नऊ."

"रोमन तुकडे अकरा. प्रत्येक खोलीत एक ठेवला तरी दोन उरतात. तुमचं लॉज जेवढं मोठं आहे तेवढे रोमन तुम्हाला पुरतील. बसा खाली."

सभागृह हसलं. दीरही अर्धवट हसला आणि बसला. पण पुढचे चार महिने त्या दोन घरांत येणं-जाणं बंद होतं, हेही सांगायला हवं.

कार्यक्रम संपल्यावर पायऱ्यांवर तिला मोठे साहेब दिसले. पहिले, खोदकाम केलेले. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, बरोबर सून. ते एवढ्या लांबून आलेत हे कोणी तिला सांगितलंच नव्हतं. त्यांनी तिला ओळखलं, निदान तसं दाखवलं.

"तो तुकडा आहे का तुझ्याकडे?" ते म्हणाले.

दाखवायला आणलेलं एक खापर तिच्या पिशवीत कापसात गुंडाळलेलं होतं. तिने ते पायरीवर उन्हात ठेवलं. दोघं शेजारी बसले. सुनेने दोनदा घड्याळ पाहिलं. मग तिने खापर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी नाकाजवळ नेलं, डोळे मिटले.

"हं," ते म्हणाले. "डांबर आहे."

"हो साहेब."

"तू मला हे तेव्हा सांगितलं होतंस?"

"तीनदा."

"मला आठवत नाही." ते खापराकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली आणि अगदी मनापासून, थोडंसं दुखावल्यासारखं विचारलं, "मग जरा जोरात का नाही सांगितलंस?"

तेव्हा ती पंचवीस वर्षांची, रोजंदारीवरची मुलगी, आणि समोर पाच भाषांचे साहेब. जोरात म्हणजे किती जोरात? ती उठली. खापर त्यांच्या हातातून काढून घेतलं, कापसात गुंडाळलं. "उन्हात फार बसू नका," ती म्हणाली. "पायऱ्या उतरताना डावा हात कठड्याला लावा." आणि तीच त्यांना खालपर्यंत घेऊन गेली, कारण सून फोनवर होती.

पण याहून मोठा वैताग पुढेच होता. वर्षअखेरीस अभ्यासकबाईचा लेख छापून आला. नव्या साहेबांनी तिला बोलावून, आता आपणच सगळं वाचवलं अशा थाटात, त्यातला मजकूर वाचून दाखवला. शेवटी एक वाक्य होतं: ‘भांडारातील खापरांची सफाई अपुरी झाल्यामुळे डांबराचे अवशेष सुदैवाने टिकून राहिले.’

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाचलं.

"अपुरी?"

"अहो, एवढं काय त्यात..."

ती बाहेर आली, व्हरांड्यात उभी राहिली आणि अभ्यासकबाईला फोन लावला. नमस्कार नाही, कशा आहात नाही. "अपुरी सफाई म्हणजे काय हो बाई? मी काय आळस केला होता? मी ठरवून नाही धुतलं. आणि सुदैवाने कसलं? सुदैव कुठे होतं, मी होते तिथे!"

अभ्यासकबाई म्हणाली, "ताई, ते वाक्य माझं नाही. संपादकांनी... नाही, खोटं कशाला बोलू, मीच वाचलं आणि जाऊ दिलं. चुकलं माझं. मी दुरुस्ती छापायला लावते."

"काय छापाल?"

"तुम्ही सांगा, तसं."

तिने सांगितलं. तिच्या वडिलांनी एकेका पाटीचा मजकूर जसा गिऱ्हाइकाकडून नक्की करून घेतला असता, तसा तिने शब्दन् शब्द नक्की करून घेतला. पुढच्या अंकात चार ओळी आल्या: ही खापरं अमुक वर्षापासून वेगळी ओळखून, न धुता, थरांच्या नोंदीसह राखली, आणि कोणी राखली. तिचं पूर्ण नाव, सासरच्या आडनावासकट, काना-मात्रा बरोबर. नवऱ्याने तो अंक डेपोत नेऊन जुन्या मित्रांना दाखवला आणि परत आणला तेव्हा त्याच्यावर ग्रीसचा अंगठा उमटला होता. त्यावरूनही तिने त्याला ऐकवलंच.

निवृत्तीला सहा महिने राहिले असताना अभ्यासकबाई पुन्हा आली. या वेळी महिनाभरासाठी आणि तोंडाला फडकं बांधून. निळ्या-हिरव्या लेपाचे सगळे तुकडे तिला एका भट्टीचे ठरवायचे होते. भांडारघरातल्या लांब टेबलावर त्या दोघी समोरासमोर बसायच्या. एकशे चाळीस तुकड्यांबद्दल दोघींचं एकमत झालं. उरलेले सहा खापरताईने बाजूला काढले.

"हे त्यातले नाहीत," ती म्हणाली.

"ताई, माती तीच आहे."

"माती असेल. लेप बघा. त्यांचा वाहत बुडाकडे गेलाय, यांचा काठाकडे. भांडं पालथं ठेवून भाजलंय. तुमच्या त्या एकशे चाळीसमध्ये एक तरी पालथं दाखवा."

अभ्यासकबाईने भिंग लावलं, तुकडे उलटसुलट केले आणि ठामपणे म्हणाली, "हे काठाजवळचे आहेत, म्हणून तसं दिसतंय."

"काठाजवळचे नाहीत."

"मी पंधरा वर्षं यावर काम करतेय, ताई."

"मी बत्तीस."

दुपार झाली. चहा आला, तो तसाच गार झाला. नवे साहेब दारातून डोकावले, दोघींचे आवाज ऐकले आणि आल्या पावली परत गेले. संध्याकाळी अभ्यासकबाईने ते सहा तुकडे वेगळ्या पाकिटात घातले आणि वर लावायला पेन्सिलीने चिठ्ठी लिहिली: ‘वादात’. खापरताईने ते पाकीट उघडून पुन्हा तुकडे मोजले, चिठ्ठी बाहेर न लावता आत टाकली, आणि म्हणाली, "उद्या सकाळी नऊला या. उजेड चांगला असतो."

"येते. पण माझं मत बदलणार नाही."

"बघू," खापरताई म्हणाली आणि खिडक्या लावायला उठली.